जाळीचे बूट नकोच

भाऊ, तुमचा भाचा ॲरिझोनात हरणाच्या शिकारीला जाताना जाळीचे हलके बूट घेतोय हे वाचून घाईनं लिहितोय. जाळी नको! आमच्या नागपूरकडे बाभळीचा काटा चपलेतून आरपार जातो. तिकडच्या चोया निवडुंगाच्या काट्याला तर बारीक उलटे दात असतात, रुतला की सहज निघत नाही. चामड्याचे, घोट्यावर येणारे, जाड तळाचे बूट घ्यायला सांगा. चालून पाय सुजतात, म्हणून माप संध्याकाळी, जाड मोजे घालूनच बघावं. पँट जाड विणीची, गुडघ्यावर दुहेरी कापड. शर्ट सैल, पूर्ण बाह्यांचा. रात्री वाळवंट झपाट्यानं गारठतं, लोकरी स्वेटर हवाच. आणि खिशात कंगवा! चोयाचा तुटून अंगाला चिकटलेला काटेरी गोळा हातानं ओढू नये, कंगव्यानं उडवावा.