त्रास नसताना लघवीच्या रिपोर्टमध्ये जंतू आले, तर आईला पुन्हा गोळ्यांचा कोर्स द्यावा का?

माहेरवाशीण_शिरपूर

नमस्कार. आखाजीसाठी माहेरी आले आहे आणि आईच्या तब्येतीविषयी जाणकारांचे मत हवे आहे. आई ७१ वर्षांची असून आमचे गाव शिरपूर तालुक्यात, तापीपासून जवळ आहे. तिला १२ वर्षांपासून मधुमेह आहे. गेल्या १० महिन्यांत तिला तीन वेळा लघवीला जळजळ, वारंवार जावे लागणे आणि ओटीपोटात दुखणे असा त्रास झाला. आई त्याला ‘उन्हाळी लागली’ असेच म्हणते, मग तो त्रास पौष महिन्यात का झालेला असेना. प्रत्येक वेळी भावाने नेहमीच्या डॉक्टरांना फोन केला, त्यांनी तीच पाच दिवसांची गोळी सांगितली आणि दोन-तीन दिवसांत बरे वाटल्यावर आईने उरलेल्या गोळ्या डब्यात ठेवून दिल्या. लघवीचे कल्चर, म्हणजे लघवीतला जंतू वाढवून तो कोणता आणि त्याला कोणते औषध लागू पडते हे पाहायची तपासणी, एकदाही झालेले नाही.

मागच्या आठवड्यात शुगर तपासताना लॅबने लघवीही तपासली. रिपोर्टमध्ये पस सेल्स (पू-पेशी) १५ ते २० आणि जंतू आढळल्याची नोंद आहे. आईला मात्र सध्या ना जळजळ आहे, ना ताप. रिपोर्ट पाहून भाऊ म्हणतो की लगेच कोर्स सुरू करावा. मला ते पटत नाही, पण माझ्याकडे त्याला सांगण्यासारखे कारणही नाही.

आणखी एक गोष्ट लिहिते, कारण ती महत्त्वाची असावी असे वाटते. आमचे शौचालय अंगणाच्या टोकाला आहे आणि आईचे गुडघे दुखतात, त्यामुळे दुपारी चारनंतर ती पाण्याचा घोटही घेत नाही. हे तिने मुलाला किंवा सुनेला कधीच सांगितले नव्हते. मी विचारले तेव्हा म्हणाली, “हाई पोऱ्याले कसं सांगू, माय?”

तापीकाठची_सून

ताई, तुमच्या आईंच्या जागी माझ्या सासूबाई आहेत असे वाटावे, इतके सारखे आहे. औषधाचे मी सांगणार नाही, घरात काय बदलले तेवढे सांगते.

सर्वांत आधी खोलीतच कमोडची खुर्ची आणून ठेवली. सासूबाईंनी पहिले आठ दिवस तिच्याकडे पाहिलेसुद्धा नाही, कारण देवघर त्याच भिंतीला लागून आहे. शेवटी खुर्ची दुसऱ्या कोपऱ्यात हलवली आणि पुढे जुन्या लुगड्याचा पडदा लावला, तेव्हा कुठे त्या बसू लागल्या. रात्री उठण्याची धास्ती गेल्यावर पाणी आपोआप वाढले. सकाळीच दोन तांबे भरून ठेवायचे आणि सूर्य मावळेपर्यंत ते संपवायचे, असा आमचा हिशेब आहे, कारण ‘भरपूर पाणी प्या’ म्हटल्याने कोणीही वृद्ध माणूस पाणी पीत नाही.

दुसरी गोष्ट बोलायला अवघड आहे. खोकताना थोडी लघवी होते म्हणून सासूबाई जुन्या कापडाची घडी ठेवत असत आणि ती घडी दिवसभर तशीच ओली राहत असे. आम्ही सुती घड्यांची संख्या वाढवली. त्या दिवसातून तीन-चार वेळा बदलतो आणि आडोशाला न वाळवता कडक उन्हात वाळवतो. उन्हाची आपल्याकडे कमतरता नाही. तसेच न्हाणीत जंतुनाशक द्रव पाण्यात टाकून धुण्याची त्यांची सवय बंद केली, कारण त्याने कातडी अधिकच कोरडी पडून आग होत होती. साधे पाणी पुरते आणि शौचानंतर हात पुढून मागे न्यावा, मागून पुढे नाही.

धने_जिरे

आमच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या धने-जिऱ्याचे पाणी, सब्जा आणि खडीसाखर देतात आणि उन्हाळी उतरते. शेवभाजी, ठेचा आणि वांग्याचे भरीत महिनाभर बंद करावे, म्हणजे जंतूच राहणार नाहीत. इतक्या गोळ्यांची गरज नसते, असे माझे स्पष्ट मत आहे.

स्त्रीरोग_धुळे

मी स्त्रीरोगतज्ज्ञ आहे. आईंना तपासलेले नसल्यामुळे औषधाचा डोस येथे लिहिणार नाही. विचार कसा करावा, एवढे सांगते.

मूळ प्रश्नाचे उत्तर आधी देते. जळजळ, ताप, ओटीपोटात दुखणे यांपैकी काहीही नसेल, तर केवळ लघवीत जंतू किंवा पस सेल्स सापडले म्हणून अँटिबायोटिक देऊ नये. वृद्ध स्त्रियांच्या, त्यातही मधुमेह असलेल्यांच्या मूत्राशयात त्रास न देणारे जंतू असणे ही अगदी सामान्य बाब आहे. ते औषधाने मारले तरी काही आठवड्यांत परत येतात आणि दरम्यान औषधाला दाद न देणारे जंतू मात्र मागे उरतात. मग खरोखर ताप भरतो तेव्हा साध्या गोळ्या चालत नाहीत आणि सलाईनमधून इंजेक्शने द्यावी लागतात. याला अपवाद गर्भवती स्त्रियांचा आणि ज्यांच्या मूत्रमार्गावर शस्त्रक्रिया व्हायची आहे त्यांचा. तुमच्या आई या दोन्हींत बसत नाहीत. भावाला हे कारण सांगा.

आता हा संसर्ग पुन्हापुन्हा का होतो ते पाहू. पाळी गेल्यानंतर इस्ट्रोजेन कमी होते, योनिमार्गाचे अस्तर पातळ व कोरडे पडते, तेथील आम्लता घटते आणि ती आम्लता राखणारे लॅक्टोबॅसिलस हे उपकारक जंतू नाहीसे होत जातात. त्यांच्या मोकळ्या जागेवर आतड्यातील ई. कोलाय येऊन बसतो, आणि स्त्रियांचा मूत्रमार्ग अवघा चार सेंटिमीटरच्या आसपास असल्यामुळे त्याला मूत्राशय गाठायला वेळ लागत नाही. म्हणून सहा महिन्यांत दोन किंवा वर्षात तीन वेळा संसर्ग झालेल्या वयस्क स्त्रीला आम्ही योनिमार्गात लावायच्या इस्ट्रोजेन क्रीमचा विचार करायला सांगतो. १९९३ मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये पाळी गेलेल्या ९३ स्त्रियांवरील प्रयोग प्रसिद्ध झाला. त्यात अशी क्रीम वापरणाऱ्यांना वर्षाला सरासरी ०.५ वेळा आणि औषध नसलेली नुसती क्रीम वापरणाऱ्यांना ५.९ वेळा संसर्ग झाला. हे औषध रक्तात फारच थोडे उतरते. तरीही पाळी गेल्यावर अंगावरून रक्त गेले असेल किंवा स्तनाचा कर्करोग झालेला असेल, तर ते आधी डॉक्टरांना सांगितले पाहिजे. गुण यायला काही आठवडे लागतात, हे माहीत नसल्यामुळे अनेक जणी दहा दिवसांत ट्यूब बाजूला टाकतात. तीस वर्षांहून जुनी माहिती असूनही ही क्रीम आपल्याकडे इतकी कमी लिहिली जाते, याचे कारण मला तरी आपली लाजच वाटते. डॉक्टर विचारत नाहीत आणि रुग्ण सांगत नाही.

क्रीम लिहिण्याआधी मी तीन गोष्टी पाहते. अंग (गर्भाशयाचा भाग) खाली उतरले आहे का, बद्धकोष्ठ आहे का, आणि लघवी करून आल्यावर मूत्राशयात किती लघवी उरते. शेवटची गोष्ट सोनोग्राफीत लगेच कळते. मधुमेहात मूत्राशयाच्या नसा मंद होतात आणि साचलेल्या लघवीत जंतू वाढत राहतात. शिवाय आईंच्या मधुमेहाच्या गोळ्यांत डॅपाग्लिफ्लोझिन किंवा एम्पाग्लिफ्लोझिन आहे का ते पाहा. या गोळ्या लघवीवाटे साखर बाहेर टाकतात, त्यामुळे बाहेरच्या भागाला बुरशीचा संसर्ग होऊन खाज व आग होऊ शकते आणि तीच जळजळ लघवीच्या संसर्गाची समजली जाते. हृदय आणि मूत्रपिंडासाठी त्या उपयोगी असतात, म्हणून आपल्या मनाने बंद करू नका.

धने-जिऱ्याच्या पाण्याला माझा विरोध नाही, कारण त्यात पाणी आहे. खडीसाखर मात्र मधुमेहात नको. तिखटाने आग वाढू शकते, जंतू येत-जात नाहीत; आईंना भरीत खाऊ द्या. जास्त पाण्याचा उपयोग होतो, हे १४० स्त्रियांच्या अभ्यासात दिसले आहे. रोज दीड लिटर पाणी अधिक पिणाऱ्यांना वर्षाला सरासरी १.७ वेळा संसर्ग झाला, तर नेहमीएवढेच पाणी पिणाऱ्यांना ३.२ वेळा. पण त्या स्त्रिया पाळी चालू असलेल्या होत्या, आणि हृदयाचा किंवा मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी पाण्याचे प्रमाण विचारूनच ठरवावे.

थंडी वाजून ताप, पाठीच्या बाजूला कुशीत दुखणे, उलट्या, लघवी कमी होणे, यांपैकी काही झाले तर फोनवर गोळी विचारू नका, त्याच दिवशी दवाखाना गाठा. लघवीत रक्त दिसले आणि जळजळ नव्हती, तर ते कधीही ‘उन्हाळी’ म्हणून सोडून देऊ नका.

लॅबवाला_भुसावळ

डॉक्टरांच्या म्हणण्यात माझ्या कामापुरती भर घालतो. पुढच्या वेळी त्रास झाला तर पहिली गोळी घेण्यापूर्वी कल्चरचा नमुना द्या. एक गोळी पोटात गेल्यावर कल्चर कोरे येऊ शकते आणि मग कोणते औषध लागू पडेल ते कळत नाही. लॅबमधून मिळालेली निर्जंतुक डबीच वापरा. आमच्याकडे मुरंब्याची बरणी धुऊन आणणारे लोकही येतात. जागा साध्या पाण्याने धुवावी, पहिली धार सोडून द्यावी आणि मधली धार डबीत घ्यावी. गुडघ्यांमुळे बसता येत नसेल, तर कमोडच्या खुर्चीवर हे सोपे जाते.

नमुना दोन तासांच्या आत पोहोचला पाहिजे. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो आणि गावाहून एसटीने आलेल्या डबीत जंतू वाटेतच वाढतात. उशीर होणार असेल तर डबी पिशवीत घालून बर्फावर ठेवा, नाही तर फ्रिजमध्ये. रिपोर्टमध्ये अनेक प्रकारचे जंतू एकत्र उगवल्याचे लिहून आले, तर तो बहुधा बाहेरच्या कातडीचा मळ असतो. त्यावर औषध घेण्याऐवजी नमुना पुन्हा द्यावा.

अमळनेरचा_नातू

माझ्या आजीच्या बाबतीत उलटे घडले. ती अचानक असंबद्ध बोलू लागली, लघवीत जंतू निघाले आणि चार दिवस त्याचेच औषध चालले. नंतर रक्त तपासले तेव्हा सोडियम खूप कमी झाल्याचे कळले. लघवीचा तिला काही त्रासच नव्हता.

स्त्रीरोग_धुळे

हे आवर्जून लिहिलेत ते बरे झाले. वृद्ध माणूस गोंधळले की लघवीवर खापर फोडण्याची घाई होते. ताप किंवा लघवीचा त्रास नसेल, तर पाणी कमी पडणे, सोडियम, साखर खाली जाणे आणि नवीन सुरू झालेल्या गोळ्या यांचाही शोध घ्यावा.

माहेरवाशीण_शिरपूर

सर्वांचे आभार. उशिरा लिहीत आहे. भावाला वरील उत्तरे वाचून दाखवली आणि कोर्स सुरू केला नाही. डब्यात उरलेल्या गोळ्या मोजल्या तर ११ निघाल्या. पुढच्या वेळी त्यातून कोणी घेऊ नये म्हणून त्या काढून टाकल्या.

धुळ्याला स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जाऊन आलो. अंग थोडे खाली उतरलेले आहे आणि लघवी केल्यानंतरही मूत्राशयात १८० मिली लघवी उरते, असे सोनोग्राफीत दिसले. क्रीम दिली आहे, आणि एकदा लघवी झाल्यावर थोडे थांबून, पुढे वाकून पुन्हा प्रयत्न करायला सांगितले आहे. खुर्ची भावाने स्वतः आणली. पुढची तपासणी जूनमध्ये आहे, तेव्हा मी सासरी असेन, म्हणून वहिनी सोबत जाईल. आईने तिला सगळे सांगितले आहे.