मदत हवी आहे: फवारणीच्या ट्रॉलीचे छोटे टायर सारखे पंक्चर होतायत, सीलंट (ट्यूबमधलं भोक आपोआप बुजवणारं द्रव) घालू का आतून पट्टी टाकू?

नमस्कार मंडळी,

सोलापूरजवळ आमची डाळिंबाची बाग आहे. एचटीपी पंप (जास्त दाबानं औषध फवारणारा) आणि टाकीची दोनचाकी ट्रॉली आहे, टायर ४.००-८ मापाचे, ट्यूबवाले. छाटणी झाली की फांद्यांचे बारके तुकडे ओळीत राहतातच, कितीही वेचा, आणि वाळलेला डाळिंबाचा काटा म्हणजे नुसता खिळा, वर बांधाला वेडी बाभूळ आणि पाऊस सरला की सराटे. टाकीत औषध कालवलेलं असतं, ते उद्यासाठी ठेवता येत नाही, आणि नेमकं तेव्हाच चाक बसतं. वडील एकटे असले की भरलेली ट्रॉली त्यांच्याच्याने हलत पण नाही, मला खरी काळजी त्याची आहे.

दुकानदार म्हणतो भरीव टायर टाका. पण ते जड, आणि ढेकळातून सगळे दणके पंपाच्या नटबोल्टला बसणार, म्हणून मन होत नाही. सीलंट गाडीला चालतं हे माहितीय, पण इथं चाक माणसाच्या चालीनं फिरतं आणि मग महिनाभर शेडमध्ये उभं, तर ते ट्यूबमध्ये सगळीकडं पसरतं का खाली साचून बसतं? उन्हाळ्यात आपल्याकडं ४० च्या वर पारा जातो, पत्र्याच्या शेडमध्ये वाळून जाईल का? कुणी छोट्या चाकात वापरलं असेल तर प्लीज सांगा.

प्रतिसाद:

दादा, साचतं, तुमची शंका बरोबर आहे. व्हॉल्वची पिन काढून भरलं की हवा मारून ट्रॉली लगेच बरीच लांब ढकलायची, आणि शेडमध्ये असताना अधूनमधून चाक फिरवून ठेवायचं. लॅटेक्सवालं (रबराच्या चिकाचं) घेऊ नका, ते उन्हानं लवकर वाळतं, ग्लायकॉल (लवकर न सुकणारं द्रव) आणि धाग्यावालं जास्त टिकतं. बारीक काट्याचं भोक ते बुजवतं, पण हवा कमी असताना दगडावर ट्यूब चिमटली तर ती चीर नाही बुजत. आणि नंतर ट्यूब सीलंटनं ओली असली की पॅच नीट चिकटत नाही, पंक्चरवाला वैतागतो.

मी तुमच्या जागी असतो तर आधी पट्टी टाकली असती. मोटरसायकलची जुनी जाड ट्यूब उभी कापून टायर आणि ट्यूबच्या मध्ये बसवायची, पण चाक लहान असल्यानं वळण जास्त, पट्टीची टोकं एकावर एक आली की तीच ट्यूबला घासून भोक पाडतात, म्हणून टोकं पॉलिश पेपरनं पातळ करून घ्या, टाल्कम पावडर मारा. रिम दोन भागांची नटबोल्टची असेल तर आधी हवा पूर्ण सोडा, मगच नट खोला, हे वडिलांनाही सांगून ठेवा. टायर आतून सुती फडक्यानं पुसा, बोटं फिरवू नका, मोडलेलं टोक रबरात असतं, फडकं अडकलं की पक्कडीनं ओढून काढा. ते राहिलं तर नवी ट्यूबही त्याच जागी जाते.

धागाकर्ता:

खूप आभार दादा, हे फडक्याचं कुणीच सांगितलं नव्हतं, आमची ट्यूब दरवेळी एकाच बाजूला जाते. रविवारी दोन्ही चाकं खोलतो. पट्टी टायरच्या बाजूच्या भिंतीपर्यंत घ्यायची का फक्त जमिनीला टेकतो तेवढ्याच भागाला?