गायरानातल्या रोपांना व्हॅम टाकावं का? माझं मत : नको

माळकरी (आटपाडी)
पावसाळ्यात गायरानात चिंच, कडुनिंब, करंज अशी तीनशे रोपं लावायची ठरलीत. बैठकीत एकानं काढलं, खड्ड्यात व्हॅम टाकू, म्हणजे मुळांशी भागीदारी करणाऱ्या मायकोरायझा बुरशीची पावडर. दुष्काळात रोप तग धरतं म्हणे. बुरशी खोटी आहे असं मी म्हणत नाही. झाड तिला साखर देतं आणि ती केसाहून बारीक तंतू मातीत सोडून स्फुरद (फॉस्फरस) आणि थोडीफार ओल आणून देते. पण बांधावरच्या जुन्या चिंचेखाली ती आयती आहे की! तिथली ओंजळभर माती खड्ड्यात टाका, काम फुकटात. पैसे टँकरला राहू द्या.

रोपवाला (कराड)
साफ चूक, तात्या. चिंचेखालचं ठीक, पण तुमचं गायरान म्हणजे उघडा मुरूम. वरची माती कधीच ओढ्याला गेली. रोप कोकोपीटमध्ये (नारळाच्या काथ्याचा भुसा) वाढलेलं, म्हणजे मुळंही कोरी. ही बुरशी जिवंत मुळाशिवाय वाढतच नाही, म्हणून तर ती मका-ज्वारीच्या मुळांवर वाढवून विकतात. ती गायरानात आपली आपण चालत यायला किती वर्षं लागतील? मी तर पिशवी भरतानाच मुळाशी देतो. वरून भुरभुरून उपयोग नाही, मुळाला चिकटली पाहिजे.

दहिवडीकर
दोघंही पावडर आणि मातीवर भांडताय. मुरमात ओलच नसेल तर तंतू काय ओढणार, दगड? 2019 ला राज्यात 33 कोटी झाडांचं उद्दिष्ट होतं. आमच्याकडं तेव्हापासून खड्डा तोच, रोप नवं, फोटोही नवा.

गेल्या मे महिन्यात वाळलेली सहा रोपं मी स्वतः उपटून बघितली. माती झटकली तर मुळं पिशवीच्या आकारात गोल गोल, डोक्यावरच्या चुंभळीसारखी. एकही मूळ मुरमात शिरलेलं नाही. बुरशी बिचारी कुणाचा हात धरणार?

रोपवाला
तो दोष बुरशीचा नाही, दोन वर्षं पिशवीत सडलेल्या रोपाचा. असली रोपं घेतलीच कशाला?

दहिवडीकर
आम्ही घेत नाही हो, आम्हाला मिळतात.

कृषीची_पोरगी (तासगाव)
एक गोष्ट कुणीच बोललं नाही. लोक खड्ड्यात मूठभर सुपर फॉस्फेट, म्हणजे स्फुरदाचं खत टाकतात आणि त्यावर व्हॅम. स्फुरद आयता मिळाला की झाड बुरशीला विचारत नाही, पैसे पाण्यात. दुसरं, ट्रायकोडर्मा म्हणजे व्हॅम नव्हे. तीही बुरशीच, पण रोगाच्या बुरशीला मारणारी, दुकानदार मात्र दोन्ही एकच म्हणून खपवतात. आणि तात्या, तुमची माती फुकट नाही. तिच्याबरोबर मुळं खाणारी हुमणी अळी येते, मुळांना लागणारे बारीक सूत्रकृमी येतात. मर रोग लागलेल्या डाळिंबाच्या बागेतली तर चुकूनही आणू नका.

माळकरी
बागेतली कोण आणतंय? चिंचेखाली पाला बाजूला केला तर पांढरी जाळी पसरलेली दिसते, ओली, चांगली वीतभर. अजून काय पुरावा पाहिजे?

कृषीची_पोरगी
ती पाला कुजवणारी बुरशी, तात्या. आपली ही मुळाच्या आत शिरते. मूळ रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली धरल्याशिवाय दिसत नाही. चिंचेखाली ती असणारच, पण तुम्हाला दिसली ती नव्हे.

दहिवडीकर
म्हणजे मातीतली दिसत नाही आणि पाकिटातली जिवंत की मेलेली तेही कळत नाही. मी घेतलेलं पाकीट दुकानाच्या पत्र्याखाली उन्हाळाभर पडलेलं होतं. फोडलं तर नुसती राख. दिली पेरून, काय करणार!

रोपवाला
म्हणून सावलीतलं आणि ताज्या तारखेचं घ्यावं. सगळ्यांनाच चोर म्हणू नका.

माळकरी
मग असं करू. शंभर रोपांना तुमची पावडर, शंभरांना माझी माती, शंभर कोरी. पावडर मात्र तुम्ही आणायची, गाव एक रुपया देणार नाही. आळं, पाचट, पाणी सगळ्यांना सारखं. रंगीत फिती बांधतो, पुढच्या मेला मोजू.

रोपवाला
आणतो. पण रोपं माझ्याकडची, चुंभळ झालेली चालणार नाहीत.

दहिवडीकर
फिती शेळ्या खातील. खुंट्या ठोका आणि डांबरानं आकडे टाका. आणि शेळ्या रोपंही खातात, राखणीला कोण बसणार ते आधी ठरवा.