गिंबल 'लावणे', 'जुळवणे' की नुसतं 'सेटिंग'?

मी नौपाड्यात ड्रोन शूटिंगची कामं घेतो. कॅमेऱ्याचा गिंबल, म्हणजे कॅमेरा स्थिर धरणारा मोटरींचा सांगाडा, मोबाइलवरच्या ॲपमधून नीट करायचा असतो, तेव्हा हाताखालच्या मुलांना 'सेटिंग कर' म्हणतो आणि प्रत्येक जण वेगळंच काहीतरी करून ठेवतो. मराठीत काय म्हणावं? 'अंशशोधन' (कॅलिब्रेशन) चालेल?

—

घोटाळा 'सेटिंग'मुळेच होतोय. त्या एका शब्दात तीन निराळी कामं कोंबलेली आहेत.

पहिलं काम मोबाइल हातात घेण्याआधीचं. पॉवर बंद असताना कॅमेरा कुठेही वळवा, तो तिथेच थांबायला हवा. हे 'तोल साधणं'. तोल चुकला असेल तर ॲपमध्ये कितीही आकडे फिरवा, मोटरी तापतच राहतात.

मग सपाट जागी अजिबात न हलवता ठेवून सेन्सरला आडवं म्हणजे काय ते शिकवायचं. अंशशोधन चुकीचं नाही, पण कामाच्या घाईत ते तोंडात बसत नाही. गवंड्याकडे नेमका शब्द आहे, पाणसळ. 'आधी पाणसळीत आण' म्हटलं की ठाण्याच्या खाडीचं क्षितिज तिरकं का आलं, ते मुलाला लगेच उमगेल.

खरं ट्यूनिंग त्यानंतर. पाती काढून ठेवायची, गिंबलचा कंट्रोलर ब्लूटूथने मोबाइलला जोडायचा आणि पी, आय, डी हे मोटरींनी कॅमेरा कसा सावरायचा ते ठरवणारे तीन आकडे थोडे थोडे बदलायचे. पी कमी पडला तर धक्का बसलेला कॅमेरा सावकाश सावरतो. फार वाढला की मोटर गुणगुणते, चित्र थरथरतं. डी ती थरथर आवरतो, आय उरलासुरला कल काढतो. यात कान लागतो, म्हणून मला 'लावणे' फार आवडतं. तंबोरा लावतात तसंच: चढवायचं, ऐकायचं, किंचित उतरवायचं.

—

तंबोऱ्याचं पटलं. पण 'गिंबल लाव' म्हटलं की मुलगा तो ड्रोनला बसवायला जाईल! 'जुळव' म्हणा. गिंबल हा शब्दसुद्धा जुन्या फ्रेंचमधल्या 'जुळे' अर्थाच्या शब्दावरून आलाय. जहाजावरचं होकायंत्र एकात एक बसवलेल्या कड्यांमध्ये टांगत, ते हेच. आपल्याकडे जुळं आणि जुळवणं एकाच घरातले.

—

आज 'तोल, पाणसळ, जुळवणी' असं क्रमाने सांगून पाहिलं. एका मुलाचे वडील गवंडी आहेत. त्याला पाणसळ समजवावी लागली नाही, उलट त्यानेच इतरांना समजावली. आता 'पॅन' (कॅमेरा डावी-उजवीकडे फिरवणं) आणि 'टिल्ट'ला (वर-खाली झुकवणं) काय म्हणता तेही सांगा.