‘प्रेमाचा त्रिकोण’ला मराठी वळणाचा शब्द सुचवा (आणि एकटा, एकाकी की एकलकोंडा?)

विश्रामबाग
नमस्कार मंडळी. सांगलीत आमच्या पियानोच्या क्लासचा छोटेखानी कार्यक्रम आहे आणि निवेदन माझ्या गळ्यात पडलंय. एक मुलगी जर्मन संगीतकार ब्राह्म्सचा इंटरमेझो, म्हणजे पियानोची एक छोटी रचना, वाजवणार आहे, ओपस (रचनासंच) ११८ मधला दुसरा. त्या ओपसमधल्या सहाही रचना ब्राह्म्सनं १८९३ साली, साठीला आल्यावर, लिहून पूर्ण केल्या आणि क्लारा शूमानला अर्पण केल्या. त्यामागची चाळीस वर्षांपूर्वीची गोष्ट श्रोत्यांना चार वाक्यांत सांगायची आहे. मी लिहिलं, ‘प्रेमाच्या त्रिकोणात अडकलेला एक एकाकी तरुण पियानोवादक’. सासूबाईंना वाचून दाखवलं, तर म्हणाल्या, “हे रात्रीच्या मालिकेचं वाटतंय.” वाटतंय खरं.

तर ‘प्रेमाचा त्रिकोण’ला मराठी वळणाचा शब्द आहे का? आणि पोराला एकाकी म्हणू, एकटा म्हणू, की एकलकोंडा?

खणभाग
भानगड. आमच्याकडं एवढंच म्हणत्यात.

विश्रामबाग
अहो माईकवरून म्हणायचंय, समोर पालक बसणार.

शब्दखोर
‘त्रिकोण’ उसना आहे खरा, पण सिनेमाच्या परीक्षणांनी तो इतका घासलाय की आता कुणाला खुपत नाही. अडचण वेगळीच आहे. मराठीत तीनचा आकडा आला की बहुतेक वेळा हसू येतं. तीन तिघाडा, काम बिघाडा. त्रेधातिरपीट घ्या. त्यातला ‘त्रेधा’ संस्कृतातला, ‘तीन प्रकारे’ अशा अर्थाचा. पण आपण तो शब्द काढतो ते पाहुणे दारात आणि गॅस संपलेला अशा वेळी. त्रांगडं म्हटलं की सातबाऱ्यावर तीन भावांची नावं आणि एक भाऊ सहीला येत नाही, असं काहीतरी डोळ्यांपुढं येतं. तुमच्याच हरिपूरच्या देवलांनी ‘संशयकल्लोळ’मध्ये प्रेमातल्या संशयाचा असा गुंता घातला आणि लोक पिढ्यान्‌पिढ्या हसत आले. म्हणजे गुंत्याला आपल्याकडं शब्द आहेत, पण त्यांत धांदल आहे, दुःख नाही.

दुःखाचे शब्द मराठी माणूस गुंत्याला देत नाही, गुंत्यात सापडलेल्याला देतो. घालमेल, कुचंबणा, कोंडमारा, तगमग, ओढाताण. म्हणून त्रिकोण सोडा आणि त्या पोराचं काय झालं तेवढं सांगा. पण त्याआधी आम्हाला सांगा, झालं काय होतं?

विश्रामबाग
सांगते. योहानेस ब्राह्म्स हँबुर्गचा. वडील डबल बास वाजवणारे, घरची परिस्थिती बेताची. सप्टेंबर १८५३ च्या अखेरीस तो ड्युसेलडॉर्फला संगीतकार रॉबर्ट शूमानच्या दारात उभा राहिला, तेव्हा वय वर्षं वीस. रॉबर्ट त्रेचाळीस, क्लारा चौतीस. आणि क्लारा म्हणजे नुसती शूमानांची बायको नव्हे, त्या काळी युरोपात नाव असलेली पियानोवादक. दोघांनी या पोराचं वाजवणं ऐकलं आणि त्याला घरातलाच करून टाकलं. महिनाभरात, २८ ऑक्टोबरला, रॉबर्टनं ‘नव्या वाटा’ नावाचा लेख लिहून याचं नाव जर्मनीभर केलं.

चार महिन्यांनी, २७ फेब्रुवारी १८५४ ला, रॉबर्टनं ऱ्हाइन नदीत उडी घेतली. मनाचा आजार होता. लोकांनी बाहेर काढलं, आणि मग त्याला बॉनजवळ एंडेनिखच्या रुग्णालयात ठेवलं. घरात सहा मुलं, सातवं पोटात. ब्राह्म्स बातमी कळताच आला आणि राहिलाच. बाळंतपणानंतर क्लारा दौऱ्यांवर जायची, कारण घर तिच्या कार्यक्रमांवर चालायचं. मागं हा मुलांकडं बघायचा आणि रॉबर्टच्याच वहीत घरखर्च मांडायचा. डॉक्टर क्लाराला नवऱ्याला भेटू देत नव्हते. ब्राह्म्सला मात्र भेटू दिलं. तो रॉबर्टला बघून यायचा आणि तिला सांगायचा. याच दिवसांत त्याचा तिच्यावर जीव जडला. तिची आणि रॉबर्टची भेट झाली २७ जुलै १८५६ ला. २९ ला रॉबर्ट गेला.

आता वाट मोकळी झाली असं आपल्याला वाटतं. तर त्याच वर्षी ब्राह्म्स हँबुर्गला परत गेला. लग्न त्यानं कुणाशीच केलं नाही. क्लाराशी मैत्री ती १८९६ मध्ये जाईपर्यंत टिकली, आणि वर्षाच्या आत तोही गेला.

खणभाग
भानगड शब्द मागं घेतो.

कंदीपेढा, सातारा
ताई, ती वही वाचून गलबललं. दुसऱ्याच्या हस्ताक्षराखाली आपण दुधाचा हिशेब लिहायचा. याला कुचंबणाच म्हणायचं. ‘घालमेल’ बसत नाही. घालमेल ही काय करू, काय नको याची असते, निकालाच्या आदल्या रात्री होते तशी. निकाल लागला की संपते. कुचंबणेला वर्षं लागतात आणि आजूबाजूला माणसं लागतात. लहानपणी आम्ही शनिवार पेठेत दोन खोल्यांत सातजण राहायचो. काकूचं नवीन लग्न झालेलं. आजी म्हणायची, “पोरीची कुचंबणा होते गं.” कुणी छळत नव्हतं तिला, सगळे चांगलेच होते. चांगले होते म्हणूनच तिला बोलता यायचं नाही.

शब्दखोर
बरोबर. ‘कोंडमारा’ही इथं नको. कोंडमाऱ्यात कडी बाहेरून असते. ब्राह्म्सला कुणी कोंडलं नव्हतं.

खणभाग
धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं.

कंदीपेढा, सातारा
त्यात क्लाराबाई चावणाऱ्या ठरतात की हो!

शब्दखोर
आणि कुणी ‘दोन दगडांवर पाय’ सुचवायच्या आत सांगतो, तेही नको. त्यात लबाडी येते.

खडू-फळा
शाळेत भूमिती शिकवून निवृत्त झालोय, त्यामुळं त्रिकोणाची बाजू घेणं भाग आहे. सिनेमातला ‘प्रेमाचा त्रिकोण’ बहुतेक वेळा त्रिकोण नसतोच. दोन पुरुष, एक बाई. दोघांच्या रेघा तिच्याकडं जातात, पण त्या दोघांना जोडणारी रेघ नसते, असलीच तर वैराची. हा झाला नुसता कोन. तिसरी बाजू काढल्याशिवाय त्रिकोणाचे मार्क मी कुणाला दिले नाहीत.

तुमच्या गोष्टीत तिसरी बाजू आहे. याचा रॉबर्टवरही जीव होता. त्यानंच याला नाव मिळवून दिलं, याला घरात घेतलं. नवरा खलनायक असता तर पोरगं सुटलं असतं. या गोष्टीला त्रिकोण म्हणणं भूमितीच्या दृष्टीनं अगदी चोख आहे.

शब्दखोर
सर, मुद्दा बिनतोड. पण श्रोत्याच्या कानात सिनेमाचाच त्रिकोण असणार. माईकवर आकृती कशी काढणार?

विश्रामबाग
सरांचं पटलं, शब्द तरीही टाळते. ‘त्या घरातल्या दोघांवरही त्याचा जीव होता’ असं सरळच म्हणते. एक शंका, ‘गुरुपत्नी’ म्हटलं तर? पालकांना पटकन कळेल.

शब्दखोर
कळेल, पण भलतंच कळेल. गुरुपत्नी म्हटलं की आपल्याकडं बृहस्पती, तारा आणि चंद्र उभे राहतात. आणि धर्मशास्त्रात गुरुपत्नीशी संग हे महापातकांतलं एक. शिवाय ते खरंही नाही. ब्राह्म्स शिकला हँबुर्गात, कोसेल आणि मार्क्सेन यांच्याकडं. रॉबर्ट त्याचा पाठीराखा म्हणा, वडीलधारा मित्र म्हणा. गुरू नव्हे.

कंदीपेढा, सातारा
तो क्लाराला काय म्हणायचा? जर्मनमध्ये आपल्यासारखं अहोजाहो असतं ना?

शब्दखोर
असतं. ‘झी’ म्हणजे आपलं तुम्ही, ‘डू’ म्हणजे तू. सुरुवातीच्या पत्रांत तो ‘झी’वर आहे, १८५४ संपता संपता क्लारा त्याला ‘डू’ म्हणू लागली, पुढं तोही ‘डू’वर आला. विनंती त्याची. क्लारानं रोजनिशीत लिहून ठेवलंय की मला नाही म्हणवेना, कारण माझी त्याच्यावर मुलासारखी माया आहे. मराठीत हे जसंच्या तसं जमतं. आपण प्रेयसीला तू म्हणतो आणि आईलाही ‘अगं आई, तू’ म्हणतो. चौदा वर्षांनी मोठी, मित्राची बायको, तिला तुम्हीवरून तूवर येणारा मुलगा कोणत्या तूवर आलाय ते मराठी ऐकणाऱ्यालाही चटकन कळणार नाही. इंग्रजीत हा सगळा भाग गळून जातो.

जुना पेटीवाला, मिरज
उशिरा आलो. दुसऱ्या प्रश्नाकडं कुणी वळलंच नाही, म्हणून लिहितो. मिरजेतला आहे, घरात तंबोऱ्यांचा वावर, पण मी स्वतः पेटीच वाजवत आलो.

एकटा की एकाकी, याचं उत्तर त्याच महिन्यातल्या एका प्रकारात आहे. ब्राह्म्सचा मित्र योआखिम, व्हायोलिनवाला. त्याचं ब्रीद होतं ‘फ्राय आबर आइनझाम’. तीन शब्दांची पहिली अक्षरं एफ, ए, ई, आणि हे तिन्ही त्यांच्याकडं स्वर आहेत. ऑक्टोबर १८५३ मध्ये रॉबर्ट शूमान, त्याचा शिष्य डिट्रिख आणि हा नवा आलेला ब्राह्म्स, तिघांनी मिळून या तीन स्वरांच्या नावानं व्हायोलिन-पियानोचा सोनाटा रचला आणि योआखिमला भेट दिला. कुठला भाग कुणाचा ते त्यानं ओळखायचं. त्यानं ओळखलं. पियानोवर क्लारा होती.

पेटीवर बघायचं तर पांढरी चार, पांढरी सहा, पांढरी तीन. पांढरी एक सा धरली तर म, ध, ग. वाजवून बघा. म वरून ध वर जाताना बरं वाटतं, मग ग वर उतरताना पायरी चुकल्यासारखी होते. सा येतच नाही.

आता त्या ‘आइनझाम’ला मराठीत काय म्हणाल, तेच तुमच्या ब्राह्म्सला म्हणा.

शब्दखोर
काका, हे भारी. तर ‘आइनझाम’.

‘एकटा’ ही नुसती स्थिती. एकटा आला, एकटी राहते. दुःख असेल किंवा नसेल. ‘एकाकी’मध्ये दुःख आहेच, पण तो छापील शब्द, श्रद्धांजलीच्या लेखातला. ‘एकलकोंडा’ हा स्वभाव, आणि त्यात बोलणाऱ्याची तक्रार असते: कुणात मिसळत नाही, लग्नकार्यात कोपऱ्यात बसतो. शूमानांच्या मुलांशी खेळणारा पोरगा एकलकोंडा कसा? ‘एकांडा’ला शिलेदार चिकटलाय, त्यात ऐट आहे. आणि ‘एकांत’ माणूस मागून घेतो, एकटेपण कुणी मागत नाही.

खणभाग
सडाफटिंग राहिला की.

शब्दखोर
मी ‘फ्राय’साठी, म्हणजे ‘मोकळा’साठी, त्याचाच विचार करत होतो, शपथ! ना बायको, ना पोरं, ना घरभाडं. पण सडाफटिंग माणूस खुशीत असतो. ब्रीदातला ‘आबर’, म्हणजे ‘पण’, त्याला सोसत नाही.

कंदीपेढा, सातारा
‘मुक्त पण एकाकी’ असं छापलेलं असतं सगळीकडं. मला ‘मोकळा पण एकटा’ आवडेल. ‘मुक्त’ म्हटलं की मोक्षच. मात्र हे पुरुषाबद्दलच चालतं, हेही लिहून ठेवते. ‘मोकळी पण एकटी’ म्हणा, आमच्या गावात लगेच विचारतील, सोडचिठ्ठी कधी झाली?

खडू-फळा
म्हणजे क्लाराबाईंना हे ब्रीद मराठीत घेताच यायचं नाही. सात मुलं आणि दौरे, मोकळ्या कुठल्या?

जुना पेटीवाला, मिरज
एकटा. साधा शब्द आहे, माईकवर नीट ऐकू येतो. ‘एकाकी’मधले दोन क निवेदकाच्या तोंडात फुटतात, हा अनुभव आहे.

विश्रामबाग
सगळ्यांचे आभार. असं झालंय:

‘या इंटरमेझोच्या वेळी ब्राह्म्स साठीचा होता. चाळीस वर्षांपूर्वी, विशीत, तो रॉबर्ट आणि क्लारा शूमान यांच्या घरी गेला आणि त्या दोघांवरही त्याचा जीव जडला. पुढं रॉबर्ट रुग्णालयात, क्लारा दौऱ्यावर, आणि हा त्यांच्या घरी मुलं सांभाळत, घरखर्च मांडत राहिला. दोन वर्षांच्या त्या कुचंबणेनंतर रॉबर्ट गेला. ब्राह्म्स मात्र आपल्या गावी परतला आणि जन्मभर एकटा राहिला. या रचना त्यानं क्लाराला अर्पण केल्या.’

शब्दखोर
‘जन्मभर एकटा’ला हरकत. पुढं तो व्हिएन्नात राहिला, तिथं मित्र होते, मान होता, पैसाही होता. ‘लग्न केलं नाही’ एवढंच म्हणा. एकटा होता तो विशीत, त्या भरल्या घरात. शब्द तिकडं न्या.

कंदीपेढा, सातारा
हो, ‘भरल्या घरात एकटा’. तसंच करा ताई.

विश्रामबाग
‘मुलं सांभाळत, घरखर्च मांडत, भरल्या घरात एकटा राहिला.’ हे वाचायलाही सोपं जातंय. शेवटी ‘ब्राह्म्स मात्र आपल्या गावी परतला. लग्न त्यानं केलं नाही.’

खडू-फळा
मुलीला निवेदन आधी ऐकवू नका. वाजवताना तिच्या डोक्यात ऱ्हाइन नदी नको.

खणभाग
तिकीट आहे का?

विश्रामबाग
नाही. मोबाइल बंद ठेवायचा, एवढंच.