प्रतिसाद: व्हिसा हाती आला म्हणजे विमान हाती आलं असं नाही

लातूरच्या काकांनी वर विचारलंय, भाचीला विमान चालवायला शिकण्यासाठी अमेरिकेचा व्हिसा मिळाला, आता पोचल्या पोचल्या शिकवणी सुरू होईल ना? नाही होणार, काका. ९/११ च्या काही अपहरणकर्त्यांनी फ्लोरिडातच विमान चालवायचे धडे घेतले होते. त्यानंतर परदेशी विद्यार्थ्याची सुरक्षा तपासणी सुरू झाली, आता ती टीएसए, म्हणजे अमेरिकेची वाहतूक सुरक्षा संस्था, करते. तिचा व्हिसाशी संबंध नाही, अर्ज वेगळा, फी वेगळी, बोटांचे ठसे वेगळे. मंजुरी येईपर्यंत इन्स्ट्रक्टर तिला विमानात बसवून शिकवूच शकत नाही. २०२४ च्या नव्या नियमाने थोडी सोय केली, एकदा मिळालेली मंजुरी आता ५ वर्षांपर्यंत चालते.

आपल्याकडच्या लेकरांची खरी अडचण नावाची. पासपोर्टवर मुलीच्या नावापुढे वडिलांचं नाव, दहावीच्या सनदेवर आडनाव आधी, आणि फ्लाइंग स्कूलच्या फॉर्मवर नुसतं नाव-आडनाव. सगळीकडे पासपोर्टवर आहे तस्संच लिहायला सांगा, स्पेलिंगसकट. एजंटाच्या भरवशावर तर अजिबात राहू नका.

इन्स्ट्रक्टरही काही सुटलेला नाही. त्याला दर २ वर्षांनी सुरक्षा-जागरूकतेचं प्रशिक्षण घ्यावं लागतं. समोर अमेरिकन पोरगं बसलं तरी आधी त्याच्या नागरिकत्वाचा पुरावा बघायचा, मग लॉगबुकात, म्हणजे उड्डाणांच्या नोंदवहीत, तशी नोंद करायची किंवा कागदांच्या प्रती ५ वर्षं जपायच्या. त्यामुळे तिथला मास्तर कागदांसाठी मागे लागला तर भाचीने राग मानू नये. आणि तिकीट मंजुरीनंतरच काढा, नाहीतर तिथे वाट बघत हॉस्टेलचं भाडं उगाच चढतं.