आवडता गेम कंट्रोलर, नावडता गेम कंट्रोलर: कारणासकट सांगा

खटपट्या: नुसतं 'हातात छान बसतो' नको. स्टिक, डी-पॅड (चार दिशांचं बटण), ट्रिगर (बोटांखालची कळ), नेमकं काय आवडतं आणि काय खटकतं?

जुनीकाडतुसं: नावडता निन्टेंडो ६४ चा (१९९६). मुठी तीन, हात दोन! स्टिकची दांडी खालच्या प्लॅस्टिकच्या वाटीवर घासते, पांढरी भुकटी पडते आणि स्टिक लुळी होते. ग्रीसने झीज मंदावते, पण खड्डा पडलेली वाटी बदलावीच लागते.
आवडता निन्टेंडोच्याच गेमक्यूबचा. मोठं हिरवं 'ए' बटण मधे, बाकीची बटणं भोवती, अंगठ्याला न बघता कळतं. स्टिकभोवतीची कड अष्टकोनी, त्यामुळे तिरकी दिशाही अचूक लागते. डी-पॅड मात्र चिमुकला.

डाकवाला: ड्रिफ्टचं (हात न लावता स्टिक आपोआप सरकल्यासारखं वागणं) मूळ पोटेन्शिओमीटरमध्ये, म्हणजे स्टिकची जागा मोजणाऱ्या भागात. आतला कार्बनचा पट्टा झिजतो. डेडझोन (मध्याजवळची हालचाल दुर्लक्षित होते तो भाग) वाढवणं ही नुसती मलमपट्टी. ड्युअलसेन्सची (प्लेस्टेशन ५ चा कंट्रोलर) एक स्टिक काढायची तर सोल्डरचे १४ टाके मोकळे करावे लागतात. घाईत ओढली की बोर्डावरचं तांबं उखडतं. आधी ताजं सोल्डर लावा, मग ते वितळवून पंपाने ओढा. बदलताना हॉल सेन्सरवाली घ्या, त्यात चुंबक असतं, घासणारा पट्टा नाही. सेगाच्या ड्रीमकास्टमध्ये हे १९९८ लाच होतं!

डावाउजवा: हॉल सेन्सरवाली स्टिक बसवल्यावर कॅलिब्रेशन (मध्य नव्याने जुळवणं) विसरू नका, नाहीतर मध्य सरकलेलाच राहतो. आणि स्प्रिंग सैल झाली तर हॉलचाही इलाज नाही.
नावडता एक्सबॉक्स ३६० चा डी-पॅड. तबकडी डुलते, वर दाबलं की तिरकं लागतं. फायटिंग गेमला बाद.